पद रिक्त, कार्यभार चालू

महाराष्ट्रात 1 मे या दिवसाला तीन निरनिराळ्या कारणांनी महत्त्व प्राप्त झाले आहे. 1960 साली याच दिवशी राज्याची स्थापना झाली, हे पहिले कारण सर्वश्रुत आहे. जगभरचे कामगार या दिवशी आपल्या एकजुटीचे स्मरण करतात, हे दुसरे. आणि ध्वजवंदन आटोपल्यावर शाळा मुलांच्या हाती निकालपत्रके देऊन ती मुले, निकालासकट, पालकांच्या ताब्यात परत करते, हे तिसरे कारण इतिहासकारांच्या नजरेतून निसटले असले, तरी ज्याच्या घरी मूल आहे आणि मुलाखेरीज दुसरे कोणीही नाही अशा मनुष्याच्या दृष्टीने ते पहिल्या दोहोंपेक्षा कितीतरी अधिक परिणामकारक आहे. कामगारांच्या ज्या मागणीतून हा दिवस उदयास आला तिचे गणितही मी एकदा स्वस्थपणे करून पाहिले. आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि उरलेले आठ तास ज्याचे त्याला, ही वाटणी चोख असून तिची बेरीज बरोबर चोवीस भरते. मात्र तीत मुलाच्या वेण्या घालणे, त्याचा हरवलेला बूट शोधणे आणि पोळीबरोबर भाजी खाल्लीच पाहिजे या विषयावर त्याच्याशी वाटाघाटी करणे, यांसाठी एक मिनिटाचीही तरतूद नाही. मागणी करणारे पुढारी बहुतांशी संसारी गृहस्थ होते. तेव्हा ही कामे त्यांच्या घरी कोणीतरी करीत असले पाहिजे, आणि त्या कोणाचे तास मोजण्याची कल्पना कोणालाही सुचली नसली पाहिजे, असा निष्कर्ष काढणे भाग पडते.

माझी नोकरीची उमेदीची वर्षे एका सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेत गेली असल्यामुळे मला मनुष्यापूर्वी त्याचे पद दिसते. माझ्या मते ‘घरचे कोणीतरी’ हे या राज्यातील सर्वांत जबाबदारीचे पद असून त्यास वेतनश्रेणी नाही, सेवापुस्तक नाही, किरकोळ रजा नाही आणि सेवानिवृत्ती तर नाहीच नाही. शाळा याच पदाच्या भरवशावर सुट्टी जाहीर करते, कचेरी याच पदाच्या भरवशावर मनुष्यास सायंकाळी सव्वासहापर्यंत बसवून घेते, आणि गॅसची टाकी आणणारा इसम भर दुपारी दारावरची घंटा वाजवतो ती याच पदास उद्देशून. आमच्या घरी हे पद काही वर्षांपूर्वी रिक्त झाले. ते धारण करणारी व्यक्ती बँकेतील पूर्ण वेळेची नोकरी सांभाळून, विनातक्रार आणि विनाभत्ता, हा अतिरिक्त कार्यभार वाहत असे. तिच्या पश्चात तो माझ्याकडे आला, आणि त्यासोबत चौथीत जाणारी, अत्यंत चौकस स्वभावाची एक कन्या आली.

उन्हाळ्याची दीर्घ सुट्टी ही संस्थाच मुळी वरिष्ठांनी वरिष्ठांसाठी निर्माण केली असावी, असा मला दाट संशय आहे. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर उन्हाळा लागताच महाबळेश्वरी आणि पावसाळा लागताच पुण्यास मुक्काम हलवीत, हे आपण शाळेत शिकलो. उच्च न्यायालयासही मे महिन्यात सुट्टी असते आणि न्यायाच्या प्रतीक्षेत असलेला पक्षकार जूनपर्यंत तग धरू शकतो असे गृहीत धरले जाते. शाळांनाही सुट्टी मिळते. विदर्भात तर सूर्यनारायणाचा मान राखून ती उर्वरित महाराष्ट्राहून अधिक लांबवली जाते. या सर्व व्यवस्थेत उन्हाळा ज्यास बाधत नाही असा एकच प्राणी शिल्लक राहतो, तो म्हणजे कारकून.

हिशेबाची आवड असलेल्या वाचकांसाठी थोडे आकडे देतो. शिक्षण हक्काचा 2009 चा कायदा म्हणतो की पहिली ते पाचवीचे वर्ग वर्षातून किमान 200 दिवस भरले पाहिजेत. उरले 165. आता माझी बाजू पाहा: 29 फेब्रुवारी 2020 पासून राज्य शासनाने पाच दिवसांचा आठवडा सुरू केल्यामुळे वर्षाचे 104 शनिवार-रविवार माझे, सार्वजनिक सुट्ट्या, 8 किरकोळ रजा आणि 30 अर्जित रजा त्यात मिळवल्या की आकडा 165 च्या अगदी उंबरठ्याशी जाऊन पोहोचतो. कागदावर हिशेब इतका जवळ येतो, म्हणूनच कागदावर कोणी तक्रार करीत नाही. परंतु ज्याने रजेची प्रकरणे हाताळली आहेत त्यास ठाऊक असते, की अर्जित रजेच्या मधोमध आलेला रविवार रजेतच गणला जातो. की बापास ताप येण्याची या हिशेबात सोय नाही. आणि 1981 च्या रजा नियमांत, कोणाच्याही मनात अणुमात्र संदेह राहू नये अशा स्वच्छ शब्दांत, रजा हा हक्क म्हणून मागता येणार नाही असे नमूद करून ठेवले आहे. त्यातच 2005 च्या कायद्याने सर्वसाधारण बदल्यांसाठी एप्रिल-मे हाच काळ मुक्रर केला असल्याने ज्या महिन्यात घरी मनुष्य हवा, नेमक्या त्याच महिन्यात कचेरीतील निम्मी माणसे कार्यमुक्त झालेली असतात आणि त्यांच्या जागी येणारी अद्याप रुजू व्हावयाची असतात.

पूर्वी यावर मामा हा उपाय होता. मराठी बालकाच्या सुट्टीची सारी इमारत मामा या एका खांबावर उभी होती, आणि आजही लोक तोच उपाय अतिशय सहजपणे सुचवतात. आमच्या कन्येस मामा आहे; तो प्रेमळही आहे. परंतु तो हिंजवडीस संगणकाच्या कंपनीत नोकरीस असून त्यास स्वतःला दोन मुले आहेत, आणि मे महिन्यात त्यांना त्यांच्या मामाकडे पाठवण्याच्या खटपटीत तो असतो. तो दुसरा मामा बंगळुरास आहे आणि त्याची नजर तिसऱ्या मामावर आहे. ही साखळी जेथे संपते असा एखादा आद्य मामा, कोकणात आमराई राखून आणि पत्नीस विचारून, भाच्यांच्या प्रतीक्षेत कोठे बसला असेल तर त्याचा ठावठिकाणा मला हवा आहे. राहिली आजी. माझ्या मातोश्री निवृत्त शिक्षिका आहेत. सारा जन्म दुसऱ्यांची मुले सांभाळण्यात गेल्यावर त्यांनी मैत्रिणींसमवेत चारधामचे आरक्षण केले, आणि केदारनाथाची कवाडे उन्हाळ्यातच उघडतात या गोष्टीस माझा इलाज नव्हता. ‘‘अरे, मी आता रिटायर झाले ना!’’ असे त्या म्हणाल्या, तेव्हा वर मी ज्या पदास सेवानिवृत्ती नाही असे लिहिले आहे त्याच्या इतिहासात एक क्रांतिकारक घटना घडत आहे याची मला जाणीव झाली. मी त्यांची बॅग स्थानकापर्यंत उचलून नेली.

कायद्याने या प्रश्नाचा विचार केलाच नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. 1948 च्या कारखाना अधिनियमात तीसहून अधिक स्त्रिया कामास असलेल्या कारखान्यात पाळणाघर हवे असे म्हटले होते. ते सहा वर्षांखालील मुलांसाठी. 2017 साली प्रसूतिलाभाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास वा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांनाही पाळणाघराचे बंधन आले, आणि आईने दिवसातून चार वेळा तेथे जाऊन यावे अशी उदार मुभा देण्यात आली. बाप तेथे किती वेळा जातो याविषयी कायद्याने मौन पाळले आहे. असो. सहाव्या वर्षापर्यंत मूल पाळणाघराचे, त्यानंतर शाळेचे. आणि शाळा बंद असता ते कोणत्या खात्याचे, हा प्रश्न दोन्ही खाती एकमेकांकडे अभिप्रायार्थ पाठवीत राहतात.

मात्र 2018 साली राज्य शासनाने बालसंगोपन रजेचा निर्णय काढला, आणि तो मी अत्यंत आदरपूर्वक वाचला. मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत, संपूर्ण सेवेत 180 दिवस. महिला कर्मचाऱ्यांना, आणि पुरुषांपैकी ज्यांची पत्नी हयात नाही किंवा असाध्य आजाराने अंथरुणास खिळली आहे अशांना. (केंद्र सरकारच्या नोकरीत हीच रजा 730 दिवसांची आहे, राज्याची आणि केंद्राची मुले सारख्याच वेगाने वाढत असतील असा माझा आजवर समज होता.) मी अर्ज लिहिला. रजेच्या अर्जांवर टिपणी लिहिण्याचे काम आमच्या कचेरीत माझेच असल्यामुळे तो अर्ज यथावकाश, बारनिशीत चढून, माझ्याच टेबलावर आला. आपल्याच प्रकरणात आपण निवाडा करू नये या तत्त्वास स्मरून मी तो शेजारच्या टेबलाकडे वर्ग केला. शेजारचा तरुण लिपिक माझ्याच हाताखाली तयार झालेला. त्याने गुरूच्या नावास कमीपणा येऊ न देता प्रकरणात तीन त्रुटी काढल्या. पत्नी हयात नसल्याचा दाखला जोडलेला नाही, ही पहिली. तो दाखला त्याच्या पाठीमागील कपाटात, माझ्या सेवापुस्तकास टाचलेला होता, परंतु त्याने मागे वळून पाहावे अशी नियमात तरतूद नाही. अपत्याच्या जन्माचा दाखला साक्षांकित नाही, ही दुसरी. तिसरी मात्र त्याची स्वतंत्र प्रतिभा होती: सदर कालावधीत अपत्याचा सांभाळ करण्यास घरी अन्य कोणी उपलब्ध नाही याचा पुरावा सादर करावा. जे आहे त्याचा दाखला तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत कोणीही देतो. जे नाही त्याचा पंचनामा कसा करावा हे मला आजतागायत उमगलेले नाही.

शेवटी मी साहेबांना समक्ष भेटलो. साहेब सज्जन आहेत. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि आपुलकीने विचारले, ‘‘घरी कोणीतरी असेलच ना हो?’’

‘‘कोणी नाही, साहेब.’’

‘‘म्हणजे दिवसभर नसेल.’’

‘‘दिवसभरही नाही आणि रात्रीही नाही.’’

‘‘बरं बरं,’’ साहेब विचार करीत म्हणाले, ‘‘पण अगदीच वेळ आली तर कोणीतरी असेलच.’’

त्यांचाही दोष नव्हता. त्यांची मुले दोन दिवसांपूर्वीच आईसमवेत रत्नागिरीस रवाना झाली होती, आणि ज्याच्या घरी हे पद कधी रिकामे पडलेच नाही त्यास रिकाम्या खुर्चीची कल्पना करता येत नाही. ‘‘मे महिना जाऊ द्या,’’ ते म्हणाले, ‘‘मग पाहू.’’ अर्ज ‘चर्चा करावी’ अशा शेऱ्यासह तेथेच राहिला.

येथे एक गोष्ट लिहिली पाहिजे, कारण ती मला रोज दिसते. मी कन्येचा डबा भरतो हे कळल्यापासून कचेरीत माझी कीर्ती एखाद्या संताच्या तोडीची झाली आहे. ‘‘किती करता हो तुम्ही!’’ असे उद्गार मी जिन्यावर ऐकतो; सणावारी माझ्या टेबलावर पुरणपोळ्या येतात; आणि मी पाच मिनिटे उशिरा आलो तर हजेरीपुस्तक सांभाळणारा गृहस्थ खिडकीबाहेरची चिंच न्याहाळू लागतो. आमच्या आवक-जावक विभागात एक बाई आहेत. त्यांचे यजमान काही वर्षांपूर्वी ‘येतो’ म्हणून गेले ते अद्याप यावयाचे आहेत, आणि त्या दोन मुलांना एकट्या वाढवीत आहेत. मी एका मुलीचे जे करतो ते त्या दोन मुलग्यांचे, माझ्यापेक्षा कितीतरी नेटकेपणाने करतात. परंतु त्यांच्या टेबलावर कोणी पुरणपोळी ठेवल्याचे मी पाहिले नाही. त्यांना पाच मिनिटे उशीर झाला तर ‘‘बायकांचं असंच असतं’’ एवढा शेरा मिळतो, आणि वेळेवर आल्या तर ‘‘मुलांकडे लक्ष देता ना?’’ अशी चौकशी होते. मी माझ्या वाट्याची पुरणपोळी त्यांना नेऊन दिली, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘पोळी राहू द्या. बुधवारी चार वाजता माझ्या धाकट्याला शिबिरातून घेऊन येता का?’’

शिबिर हा पुण्यातील मे महिन्याचा मुख्य उद्योग आहे. एप्रिलच्या मध्यावरच विजेच्या खांबांवर फलक लागतात आणि त्यांवरून असे दिसते, की या शहरातील कोणतेही बालक हस्ताक्षर, वैदिक गणित, अश्वारोहण, मोडी लिपी, बिनविस्तवाचा स्वयंपाक आणि सर्वांगीण व्यक्तिमत्त्व यांवाचून राहू नये असा काही निर्धार झालेला आहे. माझी त्यास हरकत नाही. माझी तक्रार वेळेविषयी आहे. कचेरी पावणेदहा ते सव्वासहा. शिबिर आठ ते दहा. सदाशिव पेठेत दहा वाजता अक्षर सुधारून झाल्यावर कोथरूडला अकरा वाजता मातीकाम, आणि चार वाजता पुनश्च टिळक रस्त्यावर नाट्यछटा. मधल्या काळात बालकास एका ज्ञानशाखेतून दुसरीत नेऊन सोडणारे आणि दुपारी वरणभात वाढणारे कोणी आहे हे आयोजकांनी गृहीत धरलेले असते. शुल्काच्या पावतीवर पालकाची सही एक असते, दुचाकी एक असते, आणि समारोप समारंभ हटकून बुधवारी सकाळी अकरा वाजता असतो. त्या समारंभास मी अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा खर्ची घातली. कन्येने एका नाटुकलीत वृक्षाची भूमिका केली. वृक्षास संवाद नव्हते. तो उभा होता, आणि उत्तम उभा होता.

शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी कोसबाडच्या टेकडीवर जे प्रयोग केले त्यांत कुरणशाळा नावाचा एक होता. आदिवासी मुले गुरे राखण्यास जात, शाळेत येत नसत. तेव्हा शाळाच उठून कुरणात गेली. मूल आणि काम यांचा तंटा असा एका पावलात मिटवणारी बुद्धी सरकारी निर्णयांतून क्वचितच आढळते. तिच्यापासून स्फूर्ती घेऊन, आणि खरे म्हणजे निरुपाय होऊन, मी कन्येस कचेरीत नेऊ लागलो. साहेबांनी ते पाहिले नाही असे दाखवले, व हा त्यांचा मोठेपणा.

पहिल्या दिवशी ती माझ्या टेबलाखाली बसून चित्रे काढीत होती. कागदाचा तुटवडा नव्हता. पाठकोऱ्या परिपत्रकांच्या बाबतीत आमची कचेरी स्वयंपूर्ण आहे. दुसऱ्या दिवशी तिला अभिलेख कक्षाचा शोध लागला. तेथील शिपाईमामा निवृत्तीस आलेले, कोल्हापूरकडचे, गोष्टीवेल्हाळ गृहस्थ. धुळीने भरलेल्या गठ्ठ्यांमागे त्यांनी चिंचा, गूळ, एक पत्त्यांचा जोड आणि दुपारच्या निद्रेसाठी एक सतरंजी अशी सामग्री जमवून ठेवली होती. कन्येने त्या गठ्ठ्यांवर चढून उड्या मारल्या, गूळ खाल्ला, सतरंजीवर झोप काढली. संध्याकाळी मला म्हणाली, ‘‘बाबा, उद्या मामांकडे कधी जायचं?’’ हिंजवडीच्या मामास मी हे कळवले नाही.

पुढे तिची बढती झाली. आवक-जावक विभागातील बाईंनी तिला आपल्या धाकट्यासह टपालावर तारखेचा शिक्का मारण्यास बसवले, आणि त्या कामात तिचे जे कसब प्रकट झाले ते शिबिरांच्या पुस्तिकांत कोठे आढळत नाही. ती शिक्का मारी, क्रमांक घाली आणि अर्जदारास पोच देऊन ‘‘पुढचा!’’ अशी आरोळी ठोकी. एका वृद्ध गृहस्थांना पोच हातोहात मिळाली, तेव्हा आपले काही चुकले की काय या शंकेने ते बराच वेळ तेथेच घोटाळत राहिले. याचे दुष्परिणाम घरी जाणवू लागले. अंघोळीस जा म्हटले की ‘‘प्रकरण विचाराधीन आहे’’ असे उत्तर येई. दूध पिण्याची सूचना ती ‘‘मागील पत्रव्यवहार जोडा’’ म्हणून परत पाठवी. आणि एका संध्याकाळी दुधीची भाजी पाहून तिने माझ्याकडे लेखी खुलासा मागितला, तो मुदतीत सादर करावा लागला.

जून उजाडला, शाळा उघडली, वह्यांना कव्हरे घालून झाली. आणि रीतसर चर्चा होऊन माझ्या अर्जावर हुकूम निघाला. मे महिन्यात कामाचा ताण असल्याने बालसंगोपन रजा जुलैमध्ये उपभोगावी, असे त्यात म्हटले होते. बालक शाळेत असताना त्याचे घरी संगोपन कसे करावे हा प्रश्न उपस्थित करणे शिस्तीस सोडून झाले असते, म्हणून मी जुलैत रजेवर घरी बसलो. माळा झाडला. डाळींचे डबे धुऊन त्यांना चिठ्ठ्या लावल्या. आणि अशाच एका पहाटे, सहाचा सुमार असेल, मोबाईल किणकिणला: अतिवृष्टीचा इशारा असल्याने जिल्हाधिकाऱ्यांनी शाळांना सुट्टी जाहीर केली होती. अशी सुट्टी शाळांना मिळते, कचेऱ्यांना मिळत नाही. शहरातील तमाम नोकरदार पालक त्या घटकेस गादीवर उठून बसून एकमेकांकडे पाहत असतील, आणि ज्यांना पाहण्यास दुसरे कोणी नाही ते छताकडे. मी मात्र रजेवर होतो. साहेबांच्या दूरदृष्टीविषयी माझ्या मनात आदर दाटून आला.

साडेदहा वाजता त्यांचाच फोन आला. पूल पाण्याखाली गेल्यामुळे पलीकडची मंडळी पोहोचू शकली नव्हती, आवक-जावकच्या बाई मुलांना घरी ठेवणार कोणाकडे म्हणून आल्या नव्हत्या, आणि मंत्रालयातून आलेले टपाल टेबलावर तसेच पडून होते. ‘‘तुम्ही रजेवर आहात, मला कल्पना आहे,’’ साहेब संकोचून म्हणाले, ‘‘तुम्ही नाही आलात तरी चालेल. पण मुलीला दोन तास पाठवता का?’’